डाव्या पायातला तोडा

१

मला वाटलं होतं, कब्बूरच्या गढीत पाऊल ठेवलं की पहिलं भांडण तोडेवाल्यांशी होणार. कोपणहून निघाल्यापासून वाटभर मी त्याचीच तयारी करत होते. मेण्याचे भोई दम खायला थांबले की मी एकेक मुद्दा मनात पुन्हा घोटून घ्यायची. जीव ज्याचा त्याचा असतो. तो दुसऱ्याच्या मरणाला बांधून ठेवण्याचा अधिकार कुठल्याही धन्याला नाही. लहानपणापासून मी कोपणच्या मठात जैन आर्यिकांजवळ वाढले. त्यांनी हे मला नुसतं पाठ करून घेतलं नव्हतं, ते मला पटलेलं होतं.

पटायला कारणही होतं. आमच्याकडे नाडाच्या, म्हणजे मुलखाच्या, धन्याभोवती शपथेची माणसं असतात. डाव्या पायात एकच तोडा घालायचा आणि धनी ज्या दिवशी जाईल त्याच दिवशी आपणही जायचं. धन्याला पुरुष, धनिणीला बाई, आणि तोडेवाला गेला तर त्याच्यामागे त्याची बायकोही. मी कोपणला जाण्याआधी माझे आजोबा वारले, तेव्हा आमच्या घरातली अशी माणसं त्यांच्यामागोमाग गेली. त्यांतली एक बाई मला रोज वेणी घालायची. त्या सकाळीही तिने घातली होती, नेहमीपेक्षा जरा घट्ट.

कब्बूरला आले तर भांडायला कुणी नव्हतंच. उंबरठ्यावर माप ओलांडून आत जाताना मी मशालवाल्यांचे पाय पाहिले, दारवानांचे पाहिले, ओवाळणाऱ्या बायकांचे पाहिले. सगळ्यांची डावी पावलं मोकळी होती.

"अक्का, नवरी कशी खाली मान घालून चालते म्हणून सासरची माणसं खूश आहेत," केंचव्वा कानाशी लागून म्हणाली. "तू त्यांचे पाय तपासतेयस हे त्यांना कुठे ठाऊक."

केंचव्वा माझी दूधबहीण. तिच्या आईनेच मला पाजलं. मी कोपणला गेले, ती माझ्या वडिलांच्या गावीच राहिली, आणि आता पाठराखीण म्हणून माझ्याबरोबर आली होती.

"तोडा कुणाच्याच पायात नाही, केंचा."

"मग बरंय की. भांडायला कुणी सापडलं नाही म्हणून तोंड पाडू नकोस. नवरा आहे ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत केस विंचरत बसले होते. बाहेरच्या पडवीतून आवाज आला. छण्. मग एका पावलाइतकी शांतता. पुन्हा छण्. दोन्ही पायांत काही असलं की असा आवाज येत नाही. इथे एक पाऊल वाजत होतं आणि एक मुकं होतं.

मी दारात आले. पडवीतून माझे यजमान, बम्मरस, देवळाकडे निघाले होते. अनवाणी आणि एकटे. उजव्या पायाने किंचित लंगडत. पडवीच्या टोकाला दाराशी ते थांबले, अंग चोरून बाजूला झाले आणि क्षणभराने बाहेर पडले. अरुंद दारात आपण कुणालातरी पुढे जाऊ देतो, अगदी तसे.

गोठ्यातल्या गाईची घंटा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. गोठा गढीच्या पलीकडच्या अंगाला होता, हे मला संध्याकाळी कळलं.

२

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांचा दिवस मिरी निवडण्यात जायचा. मांडीशी सूप, बाजूला टोपली, आणि बोलताना नजर वर नाही.

"आत्याबाई, या घरात तोडेवाली माणसं दिसत नाहीत," मी विचारलं. माझ्या आवाजात जरा आनंदच होता.

"होती. तुझ्या नवऱ्याचा बोप्पण होता. त्याची बायको सांतव्वे. ती म्हणायची, मी येणाऱ्या धनिणीची. तुझं नावसुद्धा कुणाच्या तोंडी नव्हतं तेव्हापासून पायात तोडा घालून बसली होती."

"मग आता कुठे आहेत?"

"गेली दोघं."

"गेली म्हणजे? धनी तर जिवंत आहेत."

"ते नवऱ्याला विचार." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "अष्टमीला सभा आहे. तुम्ही दोघं गादीवर बसलात की नाडाचा म्हातारा विचारणार, तुमच्याबरोबर कोण येणार? दोघांनाही नावं सांगावी लागतात. ज्याच्यासाठी मरायला कुणी तयार नाही त्याला धनी कोण म्हणणार? दक्षिणेच्या राजाचा सेनापती नदीवर तळ देऊन बसलाय, त्याचा माणूस येऊन सभेत बसणार आहे. गादी रिकामी दिसली की दोन्ही नाडं त्याच्या घशात. मग तुझं लग्न कशाला लावलं?"

हे खोटं नव्हतं. नदीच्या एका उताराच्या हक्कावरून माझे वडील आणि माझे सासरे आयुष्यभर लढले. आता उत्तरेचं सैन्य नदीपलीकडे होतं, दक्षिणेचं अलीकडे, आणि दोन भांडखोर नाडं कुणालाच नको होती. एक तर आम्ही एक व्हायचं, नाहीतर सेनापतीचा माणूस येऊन बसायचा. मी कोपणहून आले ती यासाठीच. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. एका लग्नाने गावं जळायची थांबतील, मग ही तोड्याची चालही थांबवीन, असं मी आर्यिकांना सांगून आले होते.

"आणि कुणीच पुढे येत नाही?" मी विचारलं.

"मध्ये एकाने घातला होता, बोप्पणच्या जागी. दुसऱ्याच्या पायावर पाय देऊन उभं राहिल्यासारखं वाटतं म्हणाला. तोडा उंबऱ्यावर ठेवला आणि गाव सोडून गेला." मिरीत खडे फार निघाले, असं सांगावं तशा सुरात त्यांनी हे सांगितलं.

"मी घालते की," दारातून केंचव्वा म्हणाली.

मी वळून पाहिलं. ती चौकटीला टेकून फणसाचे गरे खात होती.

"गप बस."

"का? तू काही लवकर मरत नाहीस. तुला इतकं बोलायचं असतं की यमसुद्धा कंटाळून परत जाईल. मी म्हातारी होईन तुझ्या नादात."

"केंचा, मी हो म्हणणार नाही."

"तुला विचारतंय कोण? घालणाऱ्याला विचारतात." मग तिने हात पुसले आणि आवाज उतरला. "अक्का, तू कोपणला होतीस. यांची माणसं आली तेव्हा आमचं घर जळलं. मग आपली माणसं गेली, इकडची घरं जळली. आई त्या धुराने खोकतच गेली. ते थांबायला एका बाईच्या पायात तोडा लागत असेल, तर लागू दे. मला तर हे फार सोपं वाटतं."

माझ्याकडे मुद्दे होते. ते सगळे घर न जळलेल्या माणसाचे होते.

सूप खाली ठेवून आत्याबाई केंचव्वाच्या डाव्या पायाकडे पाहत होत्या. बराच वेळ. कासाराने बांगडीसाठी मनगट पाहावं तसं.

३

यजमानांची एक सवय माझ्या लक्षात आली होती. जेवण झालं, हात धुतला, की ते डावा हात न बघता मागे करायचे, तळवा वर. मागे कुणी नसायचं. हात तसाच रिकामा पुढे यायचा आणि ते त्याच्याकडे जरा ओशाळून पाहायचे. बोप्पण त्यांना विडा देत असणार. माणूस जातो, हाताची सवय जात नाही. यात गूढ काही नाही, असं मी ठरवलं, आणि मला त्यांची दया आली.

अष्टमीच्या आदल्या सकाळी मी न्हाणीघरात होते. केंचव्वाने डोक्यावर शिकेकाई घातली होती. फेस डोळ्यांत उतरला म्हणून मी डोळे घट्ट मिटले. अंगावर पाणी घेतलं आणि पंच्यासाठी हात मागे केला.

पंचा हातात आला. नीट घडी केलेला, चुलीजवळ धरून गरम केलेला.

"किती गरम केलास ग," मी तोंड पुसत म्हणाले.

उत्तर आलं नाही. मग अंगणातून केंचव्वाची हाक आली. "अक्का, थांब जरा, पाणी आणतेय. हा हंडा फार जड आहे बाई."

ती दार ढकलून आत आली. दोन्ही हातांत हंडा, खांद्यावर माझा कोरडा पंचा.

तिने माझ्या हातातल्या पंच्याकडे पाहिलं. मी तिच्या खांद्यावरच्या. न्हाणीघराला दार एकच होतं. मी पंचा दोरीवर टाकला तेव्हा तो अजून ऊबदार होता.

घरातल्या एखाद्या मोलकरणीने ठेवून दिला असेल आणि मी हात मागे केला तेव्हा तो दांडीवरून घसरून हातात पडला असेल. मी दांडी पाहिली. ती समोरच्या भिंतीला होती.

४

दुपारी यजमान सुपारीच्या खळ्यावर होते. उकडलेली सुपारी चटयांवर वाळत होती. माणसं जेवायला गेली होती. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सरळ विचारलं, "बोप्पण कसा गेला?"

त्यांनी एक सुपारी उचलली, बोटांत फिरवली.

"नदीवरच्या लढाईत माझा घोडा पडला. मी त्याच्याखाली सापडलो. पाय मोडला, शुद्ध गेली. मेलेल्या घोड्यावरची झूल पाहून कुणीतरी इथे बातमी आणली, धनी पडला. बोप्पणला मीच घरी ठेवला होता, आईच्या सोबतीला." त्यांनी सुपारी चटईवर परत ठेवली. "त्याने त्या बातमीवर विश्वास ठेवायला नको होता. एक दिवस थांबायला हवं होतं. पण थांबणाऱ्याला लोक काय म्हणतात, ठाऊक आहे ना? दोघांनी आंघोळ केली, आईच्या हातून विडा घेतला आणि गेले. मी परत आलो तेव्हा त्यांची रक्षासुद्धा निवली होती."

"यात तुमचा काय दोष?"

"दोष कुणाचा का असेना. ते तिकडे पोचले आणि मी तिकडे नव्हतो." हे ते अगदी शांतपणे म्हणाले. "म्हणून परत आले. दुसरं कुठे जाणार?"

मी बराच वेळ बोलले. दुःख माणसाला काय काय ऐकवतं ते सांगितलं. जखमेच्या तापात मेंदूला भलत्या सवयी लागतात, हेही सांगितलं. ते ऐकत होते, चांगल्या विद्यार्थ्यासारखे. शेवटी मी म्हणाले, "बरं, असतील तर असोत. तुम्ही त्यांचे धनी. तोंडाने सांगा, मोकळे केले म्हणून."

ते पहिल्यांदाच हसले. "सांगितलं की. कितीदा. बोप्पण कसा होता ते तुला ठाऊक नाही. मी काहीही सांगितलं की 'बरं' म्हणायचा आणि स्वतःला हवं तेच करायचा."

"तुम्हाला भीती वाटते त्याची?"

"त्याची? छे. तो माझं कधी वाईट करणार नाही. कधीकधी एवढंच वाटतं, की तो ताटकळलाय."

खळ्यावर वारा नव्हता. सुपारीचा कडवट वास होता. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, "आणि सांतव्वे?"

त्यांनी मान वर केली. माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. परक्या माणसाची बायको अचानक समोर आली की सभ्य पुरुष घालतो तशी.

मी मागे पाहिलं नाही. मला कोपणला शिकवलं होतं, संशय आला की वळून पाहावं, तपासावं. मी मान ताठ धरून बसून राहिले आणि स्वतःची लाज वाटली.

५

परत आले तेव्हा आत्याबाईंच्या खोलीबाहेर सोनार बसला होता. त्याची पेटी उघडी होती. खोलीला कामट्यांचा पडदा लावलेला, जमिनीपासून वीतभर वर उचललेला. आतून केंचव्वाचा आवाज येत होता.

"आत्याबाई, हा चढतो पण बसत नाही."

"घट्ट होतोय?"

"घट्ट नाही." ती थांबली. "काय सांगू. आत जागा नाही."

मी थांबवायलाच आले होते. पडदा बाजूला करायला हात पुढे केला आणि खाली नजर गेली.

बाहेर लख्ख ऊन होतं आणि आतल्या फरशीवर कवडसे पडले होते. पडद्याच्या खाली केंचव्वाची पावलं दिसत होती. मी ती पावलं ओळखते. उजव्या अंगठ्याला लहानपणी लागलेल्या कोयत्याची खूण आहे. तिने डावं पाऊल पुढे केलं होतं, घोट्याशी अर्धा चढलेला तोडा हातात धरला होता.

तिच्या मागे, भिंतीच्या बाजूला, आणखी एक पाऊल होतं. डावं. बाईचं. नखं स्वच्छ, टाचेला भेगा, कडेला हळदीचा पिवळा डाग. त्यात तोडा होता, जुना, घासून पातळ झालेला. उजवं पाऊल मला दिसलं नाही. ते असायला हवं होतं तिथे फरशी होती आणि तिच्यावर कवडसा. टाच थोडी उचललेली होती. बराच वेळ उभं राहिलं की पायाला आराम देतात तशी.

मग ते पाऊल वळलं. बोटं माझ्याकडे झाली.

मी पडदा ओढला. आत केंचव्वा होती, आत्याबाई होत्या. तिसरं कुणी नव्हतं.

"अक्का, पांढरी का पडलीस? तोडा मी घालतेय, तू नाही." केंचव्वा हसली. मग माझ्याकडे पाहून हसणं थांबलं. ती भिंतीकडे पाहत मागे सरकली, आणि मला कळलं की तिलाही काहीतरी जाणवलं होतं.

"घालू नकोस," मी म्हणाले.

"उद्या कुणाचं नाव सांगणार आहेस मग?" तिने तोडा हातात घट्ट धरला होता. "बसला नाही तर दाबून बसवीन. घर पुन्हा जळण्यापेक्षा ते बरं."

आत्याबाई म्हणाल्या, "जागा रिकामी झाल्याशिवाय दुसरं माणूस तिथे कसं उभं राहणार, तेच मला कळत नाही. पण सेनापतीच्या माणसाला हे कोण सांगणार?" त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच फाटलेला ऐकला. त्या दोघांचा शेवटचा विडा त्यांच्याच हातचा होता.

६

सकाळ झाली तेव्हा मी अंगणात तुळशीपाशी बसले होते. काय दिसलं याचा विचार मी सोडून दिला होता. ऊन होतं, मन थकलेलं होतं, कवडशांनी फसवलं असेल. ही कारणं मी मांडून पाहिली आणि ती वाईट नव्हती. पण माझ्यासमोरचा प्रश्न ते खरं की खोटं हा नव्हताच. प्रश्न केंचव्वाचा होता. मी नाव सांगितलं नाही तर गावं जळणार. सांगितलं तर माझी बहीण माझ्या मरणाला बांधली जाणार, आणि रोज कुणाच्यातरी पायावर पाय देऊन उभी राहणार.

जिवंत माणसाला मरणाशी बांधू नये, हे मी शिकून आले होते. मेलेल्या माणसाबद्दल मला कुणी काहीच शिकवलं नव्हतं.

सांतव्वेने जिला वचन दिलं ती धनीण तेव्हा आलेली नव्हती. आता आली होती. मी तिला मोकळं करू शकत नव्हते. तिच्या नवऱ्यासारखी तीही 'बरं' म्हणून उभीच राहिली असती. तिला नाकारलं तर ती कुणाच्या मागे उभी राहील, हे मी काल पाहिलं होतं. स्वीकारलं तर ती माझ्याच मागे राहील. ती माझं वाईट करणार नाही. फक्त माझ्या प्रत्येक दुखण्यात, प्रत्येक बाळंतपणात जवळ येऊन उभी राहील आणि ताटकळेल. हे किती वर्षं सोसायचं, ते मला ठाऊक नव्हतं. पण ते माझ्या एकटीचं होतं. दुसऱ्या कुणाला द्यावं लागत नव्हतं.

सभा चिंचेखाली भरली. सेनापतीचा माणूस पुढे बसला होता, तांबूल चघळत, कंटाळलेला. बायकांची रांग माझ्या मागे होती. नाडाचा म्हातारा काठी टेकत उभा राहिला आणि त्याने विचारलं, "धनीणबाई, तुमच्याबरोबर कोण येणार?"

रांगेतून केंचव्वा उठू लागली. पदराखाली तिच्या हातात तोडा होता. मी मागे वळून तिचं मनगट धरलं आणि तिला खाली बसवलं.

"सांतव्वे," मी म्हणाले.

माझ्या शेजारी यजमानांनी श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं. कुणी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "आणि माझ्याबरोबर बोप्पण."

सेनापतीच्या माणसाने मान वर करून रांगांवरून नजर फिरवली. "ती दोघं आली आहेत ना सभेला?"

कुणी हसलं नाही. कुणी त्याला काही सांगितलंही नाही. माझ्या मागे बसलेल्या बायका मात्र, एकमेकींकडे न बघता, थोड्या थोड्या सरकल्या. माझ्या अगदी पाठीशी एका माणसापुरती जागा झाली.